आयुष्याचा हप्ता ठरवणारे गणिती

नेरळहून माथेरानला जाणारी छोटी गाडी सहलीच्या मुलांना वळणांसाठी आवडते. शिक्षक तिच्यावरून चढाचे प्रमाण समजावतात: काही ठिकाणी वीस फूट पुढे जाताना ती एक फूट वर चढते. याच गाडीवरून पैशाचे गणितही शिकवता येईल. मुंबईचे उद्योगपती सर आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने सुमारे १६ लाख रुपये घालून हा मार्ग बांधला आणि १९०७ मध्ये गाडी धावू लागली. पैसे आधी एकदम घालायचे आणि तिकिटांचे उत्पन्न मात्र पुढची कित्येक वर्षे थोडेथोडे येणार. हा व्यवहार परवडतो की नाही, हे कसे ठरवायचे?

नुसती बेरीज करून चालत नाही. द.सा.द.शे. ५ चक्रवाढ दराने वीस वर्षांनी मिळणाऱ्या १०० रुपयांची आजची किंमत जेमतेम ३८ रुपये भरते. दुसरी अडचण धोक्याची. पावसाळ्यात नेरळपासूनची गाडी बंद ठेवतात, हे आधीच माहीत असल्याने हिशेबात धरता येते. पण जुलै २००५ च्या अतिवृष्टीत मार्ग ठिकठिकाणी वाहून गेला आणि गाडी दीड वर्षाहून अधिक काळ बंद राहिली. अशी आपत्ती नेमकी केव्हा येईल हे कोणी सांगू शकत नाही. फार तर ती येण्याची शक्यता किती, एवढे मांडता येते.

व्याजाचा काळ आणि घटनेची संभाव्यता या दोन गोष्टी एकत्र आणणारे शास्त्र म्हणजे वित्तीय गणित. आज अनेक अभियंते, भौतिकी व संख्याशास्त्राचे पदवीधर त्यात नोकऱ्या करतात, आणि हे क्षेत्र संगणकाबरोबर जन्मले असा समज आहे. तो बरोबर नाही. आपल्याकडे, विशेषतः मुंबईत, हे काम करणारी माणसे विमा कंपन्यांना फार पूर्वीपासून लागत आली आहेत. त्यांना अ‍ॅक्च्युअरी किंवा विमागणिती म्हणतात.

या विद्येचा पाया धूमकेतूमुळे सर्वांना ठाऊक असलेल्या एडमंड हॅली यांनी घातला. ब्रेस्लाउ शहरातील जन्ममृत्यूच्या नोंदींवरून त्यांनी १६९३ मध्ये आयुर्मानाचा तक्ता प्रसिद्ध केला. तक्त्याचा उपयोग सोपा आहे. समजा, चाळीस वर्षे वयाच्या १००० माणसांपैकी वर्षभरात १० दगावतात असे नोंदी सांगतात. प्रत्येकाचा विमा १००० रुपयांचा असेल, तर वर्षअखेर १०,००० रुपये द्यावे लागतील. म्हणजे माणशी १० रुपये. हप्ता वर्षारंभी घेतला आणि त्यावर ५ टक्के व्याज मिळाले, तर ९ रुपये ५२ पैसे पुरतात. कचेरीचा खर्च वेगळा. नववीच्या मुलांना फळ्यावर करून दाखवावे असे हे उदाहरण आहे.

आता ‘१०’ या आकड्याकडे पाहा. तो आला कुठून? एकोणिसाव्या शतकात येथे विमा विकणाऱ्या युरोपीय कंपन्या भारतीय माणसाचे आयुष्य मुळातच कमी प्रतीचे धरीत आणि त्याच्याकडून जबर जादा हप्ता घेत. वरच्या उदाहरणात १० च्या जागी १५ लिहिले, की हप्ता दीडपट होतो. बाकीचे गणित तेच, अगदी बिनचूक. गणिताच्या आवरणाखाली भेदभाव सुखाने नांदू शकतो, याचे याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही. १८७० मध्ये मुंबईत बॉम्बे म्युच्युअल ही संस्था निघाली आणि तिने भारतीयांना नेहमीच्या दराने विमा दिला. १८७४ मध्ये ओरिएंटल कंपनी आली. पुढे याच कंपनीच्या १९२५ ते १९३५ या काळातील विमेदारांच्या अनुभवावरून मृत्युमानाचा तक्ता तयार झाला, आणि येथील माणसांच्या हप्त्याला येथल्याच नोंदींचा आधार मिळाला. राष्ट्रीयीकरणानंतरही तो तक्ता वापरात राहिला.

१९१२ च्या कायद्याने हप्त्यांचे दर आणि कंपनीचे नियतकालिक मूल्यांकन विमागणितीकडून प्रमाणित करून घेणे बंधनकारक झाले. तेव्हापासून या व्यवसायाला कायद्याचे बळ आहे. मात्र त्याच्या परीक्षा विलायतेतील संस्था घेत. १९४४ मध्ये भारतीय विमागणितींची संस्था स्थापन झाली, पण तिने स्वतःच्या परीक्षा सुरू केल्या त्या १९८९ मध्ये! २००६ च्या कायद्याने तिच्या जागी आजची वैधानिक संस्था आली. तिची प्रवेशपरीक्षा बारावीनंतर देता येते. पुढच्या परीक्षांना बरीच वर्षे लागतात, आणि पाठांतर तेथे फारसे उपयोगी पडत नाही.

माथेरान ज्या जिल्ह्यात आहे, त्याच रायगड जिल्ह्यातील एका विज्ञानाच्या विद्यार्थ्याचा येथे उल्लेख करायला हवा. महाडजवळील नाते येथे १८९६ मध्ये जन्मलेले चिंतामणराव देशमुख केंब्रिजला वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र आणि भूशास्त्र शिकले. वनस्पतिशास्त्राचे पारितोषिकही त्यांनी मिळवले. १९४३ मध्ये ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. ते विमागणिती नव्हते. पण १९ जानेवारी १९५६ रोजी आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा अर्थमंत्री म्हणून त्यांनीच केली. देशी, विदेशी कंपन्या आणि भविष्यनिर्वाह संस्था मिळून २४५ संस्थांचे हिशेब एकत्र आले. १ सप्टेंबरला महामंडळ सुरू झाले, तोवर मुंबईच्या प्रश्नावरून देशमुखांनी मंत्रिपद सोडले होते.

शेअर बाजाराचे दालन पुष्कळ उशिरा उघडले. मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजारात नोव्हेंबर १९९४ मध्ये संगणकाच्या पडद्यावर समभागांचे व्यवहार सुरू झाले आणि जून २००० मध्ये निर्देशांकाचे वायदे आले. पुढच्या भावावर आधारलेल्या अशा करारांपैकी ‘ऑप्शन’ची किंमत काढण्याचे ब्लॅक आणि शोल्स यांचे १९७३ चे समीकरण उष्णतेच्या वहनाच्या समीकरणाशी जुळते, त्यामुळे भौतिकीच्या पदवीधरांना ते परके वाटत नाही. त्याच शोल्स आणि मर्टन यांना १९९७ मध्ये नोबेल स्मृती पारितोषिक मिळाले. ते दोघे भागीदार असलेला अमेरिकेतील गुंतवणूक निधी पुढच्याच वर्षी कोसळण्याच्या बेतात आला. समीकरणात चूक नव्हती. पण त्या निधीने धोक्याचे जे आकडे गृहीत धरले होते, ते बाजाराने पाळले नाहीत.

आकड्यांचा हा प्रश्न विम्यातही संपलेला नाही. महामंडळाने पुढे १९९४-९६ चा तक्ता केला, त्यानंतर सर्व कंपन्यांच्या अनुभवावरून २०१२-१४ चा तक्ता आला. हे सारे तक्ते विमा उतरवलेल्या माणसांचे आहेत. माथेरानच्या उतारावरच्या ठाकर आणि कातकरी वाड्यांतून ज्यांनी कधी विम्याचा अर्जच भरला नाही, त्यांचे जगणे-मरणे या आकड्यांत धरलेले नाही. त्यांच्यासाठी हप्ता ठरवायचा तर आधी जन्ममृत्यूची नोंदवही नीट ठेवावी लागते, आणि ती ग्रामपंचायतीच्या कपाटात असते.