शाईचा रूळ : मराठी मुद्रणातील एका दुर्लक्षित यंत्रयुक्तीचा इतिहास

प्रस्तावना

मराठी मुद्रणाचा इतिहास आपल्याकडे मुख्यत्वे खिळ्यांचा इतिहास म्हणून लिहिला गेला. श्रीरामपूर येथे १८०५ मध्ये प्रसिद्ध झालेले विल्यम कॅरे यांचे मराठी व्याकरण, मुंबईच्या अमेरिकन मिशन छापखान्यातील टॉमस ग्रॅहम यांची वळणदार अक्षरे, जावजी दादाजी यांची ओतशाळा व त्यातून १८६९ मध्ये उभा राहिलेला निर्णयसागर छापखाना हे त्या इतिहासाचे परिचित टप्पे होत. खिळा डोळ्यांना दिसतो, म्हणून त्याची नोंद होते. परंतु खिळ्यांच्या माथ्यावर शाईचा पातळ व सारखा थर चढल्याखेरीज पान छापून निघत नाही, आणि हा थर यंत्राने कसा चढवावा हा प्रश्न युरोपातील मुद्रकांनाही साडेतीनशे वर्षे सुटला नव्हता. प्रस्तुत लेखात त्या प्रश्नावर निघालेल्या युक्त्यांचा आणि महाराष्ट्रात त्यांच्या वाट्याला आलेल्या स्थितीचा मागोवा घेतला आहे. मुंबई-पुण्याबरोबरच, परभणी जिल्ह्यातील वालूरसारख्या गावांना छापील कागद पुरविणारे तालुक्याचे छोटे छापखानेही या विवेचनात अभिप्रेत आहेत.

चामडी बोळे ते रूळ

गुटेनबर्गने इ. स. १४५० च्या सुमारास मुद्रण सुरू केले, तेव्हा शाई लावण्याचे साधन म्हणजे लोकर किंवा घोड्याचे केस भरलेले, लाकडी मुठीचे दोन चामडी बोळे. कामगार बोळ्यावर शाई घेई, दोन्ही बोळे एकमेकांवर घोळवी आणि मग जुळविलेल्या फर्म्यावर ठोकीत जाई. दाब देणारा कामगार वेगळा असे. कातडे मऊ राहावे म्हणून ते मूत्रात भिजवून ठेवण्याची रीत होती. छापखान्यांच्या दुर्गंधीचे ते एक मोठे कारण होते. या जोडीचे काम तासाला अडीचशे कागद असे धरले जाई. शाई कोठे दाट, कोठे फिकी पडे. सारे काही ठोकणाऱ्याच्या मनगटावर अवलंबून होते.

इ. स. १८०० च्या सुमारास लॉर्ड स्टॅनहोप यांनी लोखंडी दाबयंत्र तयार केले. दाब सुधारला, परंतु शाई हातानेच लागत राहिली. स्टॅनहोप यांना बोळ्याऐवजी रूळ हवा होता. त्यांनी कातडे, कापड, रेशीम असे अनेक पदार्थ दांड्यावर गुंडाळून पाहिले. अडचण शिवणीची होती. गुंडाळलेल्या वस्तूला शिवण येणारच, आणि त्या शिवणीची रेघ कागदावर उमटणारच. त्याआधी १७९० मध्ये विल्यम निकल्सन यांनी रुळांनी शाई लावणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले होते. ते यंत्र मात्र प्रत्यक्षात उतरले नाही.

उत्तर आले ते कुंभारकामातून. इंग्लंडमधील स्टॅफर्डशायरच्या चिनी मातीच्या कारखान्यांत भांड्यांवर नक्षी उठविण्यासाठी सरस व काकवी एकत्र शिजवून केलेला लवचीक पदार्थ वापरीत. तो साच्यात ओतला की बिनशिवणीचा रूळ तयार होतो. डॉन्किन व बेकन यांच्या १८१३ च्या यंत्रात असे रूळ बसविले गेले. पुढच्या वर्षी, २९ नोव्हेंबर १८१४ रोजी, लंडनचे ‘टाइम्स’ फ्रीड्रिख केनिग यांच्या वाफेच्या यंत्रावर छापले गेले, ताशी सुमारे ११०० कागद या वेगाने. या घटनेचे श्रेय वाफेला दिले जाते. मात्र शाई आपोआप लागली नसती, तर वाफेचा तो वेग निरुपयोगी ठरला असता.

खरी उकल, प्रस्तुत लेखकाच्या मते, एडवर्ड कूपर यांच्या १८१८ च्या पेटंटात आहे. शाई वाटणे आणि शाई लावणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे कूपर यांनी ओळखले. शाईच्या भांड्यातून मोजकी शाई एका सपाट पाटावर येई. त्या पाटावर काही रूळ किंचित तिरपे बसविलेले असत. पाट पुढे-मागे सरकला की हे रूळ फिरत आणि तिरपेपणामुळे लांबीच्या दिशेनेही थोडे घसरत. त्या घसरण्याने शाईचे पट्टे मोडून तिचा एकसारखा पापुद्रा होई आणि मगच दुसरे रूळ तो फर्म्यावर चढवीत. पोळपाटावर पोळी नुसती पुढे-मागे लाटली तर ती एकाच दिशेने वाढते. लाटण्याला तिरपी कलाटणी दिली की ती चहूकडे पसरते. कूपर यांची युक्ती याच जातीची आहे.

देवनागरीच्या बाबतीत या सारखेपणाला विशेष महत्त्व होते. शिरोरेषा म्हणजे ओळभर पसरलेली सलग रेघ. शाई कमी-अधिक झाली की पहिला डाग तिथेच दिसतो. शिवाय ‘ध’, ‘भ’ यांच्या गाठी आणि मात्रा-रफारांच्या बारीक फटी जादा शाईने बुजतात. जुन्या पोथ्यांतील आंधळी अक्षरे पाहून आपण खिळ्यांना दोष देतो; कित्येकदा तो दोष शाई वाटण्याचा असावा.

तुपाची शाई आणि कातड्याचा रूळ

गणपत कृष्णाजी यांनी १८३१ मध्ये मुंबईत शिळाछापावर मराठी पंचांग छापले. अमेरिकन मिशनच्या छापखान्यातील काम पाहून त्यांनी स्वतःचे यंत्र उभारले, शाईही स्वतः प्रयोग करून तयार केली. गोविंद नारायण माडगांवकर यांनी ‘मुंबईचे वर्णन’ (१८६३) या ग्रंथात त्यांच्या उद्योगाची आदराने दखल घेतली आहे. त्याच काळात छापील पोथीविषयी सनातनी मंडळींचा आक्षेप होता : शाईत चरबी असते, म्हणून असा कागद सोवळ्यात चालत नाही. यावर तोड म्हणून तुपाच्या शाईने पोथ्या छापल्याची हकीकत मुद्रणाच्या इतिहासात सांगितली जाते.

ही हकीकत आपण कौतुकाने सांगतो, पण तिच्यातील विसंगतीकडे सहसा लक्ष जात नाही. छापण्याच्या शाईचा मुख्य आधार जवसाचे आटविलेले तेल व काजळी हा असतो. जवस मराठवाड्याच्या शेतकऱ्याला परका नाही. त्याची चटणी घरोघरी होते. हे तेल हवेत सुकून कागदाला धरते, तूप मात्र तसे सुकत नाही. म्हणजे ज्या शाईवर आक्षेप होता तिचा पाया वनस्पतीजन्य होता. याउलट ती शाई पसरविणारे साधन मात्र निखालस प्राण्याच्या अंगचे होते. हाताने ठोकण्याचा बोळा कातड्याचा. शिळाछापाचा रूळ लाकडी दांड्यावर फ्लॅनेल गुंडाळून वर कातडे चढविलेला. आणि नव्या ओतीव रुळातील सरस म्हणजे कातडी व हाडे उकळून काढलेला अर्क. तुपाच्या शाईचा थेंबही कागदावर जायचा तो या वाटेनेच.

शुद्धाशुद्धतेचा वाद घटकद्रव्यावर झाला, अवजारावर झाला नाही. असे का व्हावे? पोथी वाचणाऱ्याला शाई दिसते. रूळ छापखान्याच्या आत राहतो. कातडे कमावणाऱ्यांच्या श्रमाचा स्पर्श झाल्याशिवाय एकही पवित्र ग्रंथ छापून निघत नव्हता, ही गोष्ट त्या काळच्या सोवळ्याच्या हिशेबात कोठेच मांडली गेली नाही. इतिहासकारांनीही पुढे तोच हिशेब जसाच्या तसा उचलला.

ट्रेडल आणि वैशाखाचे ऊन

ग्रामीण महाराष्ट्राच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे यंत्र म्हणजे पायाने चालविण्याचे ट्रेडल. अमेरिकेत जॉर्ज फिनिअस गॉर्डन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला या घडणीला रूप दिले. त्यात कूपर यांच्या पाटाची जागा वरच्या बाजूला बसविलेल्या लोखंडी तबकडीने घेतली. प्रत्येक छापाला रूळ तबकडीवरून शाई घेऊन खाली फर्म्यावर उतरतात व परत वर जातात. तेवढ्यात एक खुंटी तबकडीला थोडीशी फिरविते. त्यामुळे रुळांना दर वेळी तबकडीची नवी बाजू मिळते आणि शाई आपोआप वाटली जाते. शाई ठोकणाऱ्या कामगाराची येथे गरजच उरली नाही. एका माणसाने पाय मारावा, एका हाताने कागद लावावा, दुसऱ्याने काढावा.

मराठवाड्यात ही सोय मुंबई इलाख्यापेक्षा उशिरा पसरली. १९४८ पर्यंत परभणी जिल्हा हैदराबाद संस्थानात होता. राज्यकारभाराची भाषा उर्दू, आणि नस्तालिक लिपी खिळ्यांत बसविणे अवघड असल्याने उर्दू मुद्रण प्रामुख्याने शिळाछापावर चाले. मराठी खिळ्यांच्या छपाईला राजाश्रय नव्हता. संस्थान विलीन झाल्यानंतर तालुक्याच्या गावी लग्नपत्रिका, पावतीपुस्तके, जत्रेची व निवडणुकीची पत्रके यांची मागणी वाढली आणि ती भागविली ती प्रामुख्याने ट्रेडलने. सेलू तालुक्यातील वालूरच्या घरातील लग्नाचे निमंत्रण छापायचे, तर कागद अशाच एखाद्या यंत्राच्या तबकडीखालून जाणार.

येथे इंग्लंडात ओतलेल्या युक्तीची गाठ परभणीच्या उन्हाशी पडली. सरस-काकवीचा रूळ उष्णतेने मऊ पडतो, त्याचा आकार बिघडतो, प्रसंगी तो दांड्यावरून ओघळतो. पावसाळ्यात तो ओल शोषून फुगतो व शाई धरीत नाही. थंडीत आखडून कडक होतो. युरोपातील मुद्रकही उन्हाळ्यासाठी सरसाचे प्रमाण वाढवीत, परंतु त्यांचा उन्हाळा म्हणजे आपला हिवाळा. परभणीत चैत्र-वैशाखात पारा चाळिशीच्या पुढे जातो, आणि नेमकी तीच लग्नसराई, म्हणजे छापखान्याच्या कामाचा भर. अशा दिवसांत काम पहाटे किंवा रात्री उरकणे, रुळांचा दुसरा जोड सावलीत राखून ठेवणे आणि बिघडलेला रूळ वितळवून पुन्हा ओतणे एवढेच मुद्रकाच्या हाती होते. लग्नाची तिथी ठरलेली, रूळ ओघळलेला, अशा पेचाला पाठ्यपुस्तकातील मुद्रणशास्त्राकडे उत्तर नव्हते. ते होते यंत्रापाशी उभ्या असलेल्या माणसाच्या अनुभवात.

पुढे रबराचे व कृत्रिम द्रव्यांचे रूळ आले, तेव्हा हा प्रश्न संपला. सोवळ्याचा जुना प्रश्नही त्याबरोबर नकळत निकालात निघाला. तोवर तो विचारणारे कोणी उरले नव्हते. १९९० नंतर संगणकीय अक्षरजुळणी व ऑफसेटने खिळ्यांची छपाई बाजूला सारली. ऑफसेट यंत्रात शाई वाटणाऱ्या रुळांची लांबलचक माळ असते, आणि त्यांतील काही रूळ कूपर यांच्या तत्त्वाप्रमाणे फिरता फिरता आडवेही सरकतात. जुनी ट्रेडल यंत्रे बहुतांशी भंगारात गेली. जी टिकली, त्यांतील कित्येक पुठ्ठ्याला घडी पाडणे, पावतीला भोके पाडणे अशा बिनशाईच्या कामाला लागली. त्यांचे रूळ काढून ठेवलेले असतात. वरची तबकडी मात्र अनेकदा तशीच असते.