बेगमी : गिरणगावचा धडा

'बेगमी' हा आपल्या भाषेतील मोठा अर्थपूर्ण शब्द आहे. अडचणीच्या दिवसांसाठी आधीच करून ठेवलेली तरतूद म्हणजे बेगमी. आगोटीला कोकणातील घराघरांतून तांदूळ, मीठ, आमसुले, सुकी मासळी साठवली जाई. उन्हाळ्यात वर्षाचा मसाला कुटून बाटल्यांत भरण्याची ईस्ट इंडियन कुटुंबांतील प्रथाही त्याच परंपरेतली.

लालबाग-परळच्या चाळींत मात्र ही परंपरा पाळणे सोपे नव्हते. एका खोलीत सारा संसार; तेथे कणगी ठेवावी कोठे? शिवाय किराणा बहुधा उधारीवर. पगार झाला की वाण्याची वही भागवायची आणि लगेच नवे पान उघडायचे. कामगाराची खरी कणगी गावी होती. 1928 साली गिरण्यांचा संप एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत लांबला, तेव्हा अनेकांना गावच्या शेताचाच आधार होता.

1942 मध्ये जपानने ब्रह्मदेश घेतला आणि तेथून मुंबईस येणारा तांदूळ थांबला. मे 1943 मध्ये शहरात रेशनिंग सुरू झाले. बेगमी व साठेबाजी यांतील भेद त्या काळाने स्पष्ट केला. सुबत्तेच्या दिवसांत, आपल्या घरापुरते, थोडे थोडे बाजूस काढणे ही बेगमी; टंचाई दिसताच पैशाच्या बळावर पोती भरणे म्हणजे शेजाऱ्याच्या तोंडचा घास काढणे.

उधारीच्या फासाचे उत्तर गिरणगावातील स्त्रियांनीच शोधले. एकट्या कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायका महिनाभर अन्न शिजवीत, पण पैसे पगारानंतर मिळत. तोवर वाण्याचे व सावकाराचे व्याज वाढे. 1975 मध्ये प्रेमाताई पुरव यांनी त्यांना संघटित करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभारले व बँकेचे कर्ज मिळवून दिले. रोखीने माल घेता येऊ लागला, ही त्यांची पहिली बेगमी होय.

18 जानेवारी 1982 रोजी सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. पगार बंद झाले. भांडी, दागिने विकले गेले. कित्येक कुटुंबे गावी परतली. ज्यांना गावी जमीन नव्हती, त्यांचे हाल विचारू नयेत. पुढे 24 मार्च 2020 च्या रात्री टाळेबंदी जाहीर झाली, तेव्हा अवघ्या चार तासांच्या अवधीत किराणा दुकानांपुढे रांगा लागल्या. प्रसंग वेगळे, प्रश्न तोच : डब्यात किती दिवसांचे अन्न आहे?

या इतिहासातून आम्हांस एक क्रम दिसतो. प्रथम उधारी फेडावी. कारण वहीत कर्ज असताना डब्यातले धान्यही आपले नसते. मग दर महिन्याच्या खरेदीत एक किलो तांदूळ व अर्धा किलो डाळ अधिक घ्यावी. सहा महिन्यांत सहा किलो तांदूळ व तीन किलो डाळ जमते. जुने आधी वापरावे, नवे मागे ठेवावे, म्हणजे कीड लागत नाही. मीठ, तेल, मेणबत्त्या, पिण्याचे झाकलेले पाणी आणि घरातील आजाऱ्याची चार दिवसांची जादा औषधे हीदेखील त्यातच यावीत.

एवढी बेगमी लहान खोलीत, पलंगाखाली मावते. संकट त्याने टळत नाही. पण पहिल्याच आठवड्यात कोणापुढे हात पसरावा लागत नाही, आणि शेजारच्या दारी चूल पेटली नसेल तर तेथे वाटीभर तांदूळ पोहोचविता येतो.