सुईला लिपी नसते

जुन्या जालन्यातल्या एका वाचनालयाने दोन वर्षांपूर्वी माझ्यावर एक अप्रिय काम सोपवले. जागा अपुरी पडत होती. सुमारे सहाशे जुनी पुस्तके चाळून त्यांतली ठेवायची कोणती आणि रद्दीत द्यायची कोणती, हे ठरवायचे होते. निवृत्त शिक्षिकेला वेळ असतो, असा सगळ्यांचा समज असतो. मी हो म्हटले आणि पहिल्याच दिवशी अडखळले. ठेवावे असे वाटणारे पुस्तक हातात घेतले की पाने गळून पडत. ज्याच्याकडे कुणी ढुंकून पाहणार नाही असे शंभर वर्षांपूर्वीचे एखादे नीतिपर पुस्तक मात्र मधोमध उघडून टेबलावर ठेवले तरी शांतपणे पडून राही, एक पान हलत नसे.

मदतीला आमच्या गल्लीतले बाइंडर चाचा होते. वय ऐंशीच्या पुढे, नजर अधू, पण बोटे अजून तयार. मी पुस्तकाचे नाव, लेखक, साल पाही, चाचा पुस्तक उलटे धरून त्याच्या कण्यावरून अंगठा फिरवीत आणि सांगत, "हे जुजबंदीचे आहे, राहू द्या. हे तारेचे, गंज चढलाय. हे नुसते चिकटवलेले, याचा भरवसा नाही." चार दिवसांनी माझ्या लक्षात आले, की आमच्या दोघांच्या याद्या वेगळ्या होत आहेत. मी तसे म्हटल्यावर ते हसले. "बाई, हरफ तो सब देखते. सिलाई कौन देखता?"

हा प्रश्न मी घरी घेऊन आले. अक्षरे सगळे पाहतात, शिवण कोण पाहतो? मराठी मुद्रणाच्या इतिहासाची पाने उलटली तर चाचांचे म्हणणे शब्दशः खरे ठरते. तिथे जी नावे आदराने घेतली जातात, ती सगळी अक्षरांशी जोडलेली आहेत. पुस्तक ज्या दोऱ्यावर उभे असते, त्या दोऱ्याच्या बाजूला एकही ठळक मराठी नाव नाही. असे का झाले, याचा शोध घेताना मला थेट अमेरिकेतल्या एका यंत्रापर्यंत जावे लागले. पण सुरुवात घरातल्या पेटीपासून करते.

माझ्या आजोळच्या पेटीत दोन प्रकारचे लेखन होते. एक, तांबड्या फडक्यात बांधलेल्या पोथ्या. दोन लाकडी फळ्या, त्यांमध्ये सुटी आडवी पाने. पोथी शिवलेली नसते, शिवायची नसते. वाचणारा मांडी घालून बसतो, पान उचलतो, वाचून झाले की पालथे ठेवतो. पोथीला कणा नाही, त्यामुळे कणा मोडण्याचे भयही नाही. दुसरा प्रकार हिशेबाच्या वह्यांचा. या मात्र जाड पांढऱ्या दोऱ्याने शिवलेल्या होत्या, कारण हिशेबाचे पान सुटे झाले तर भांडण उभे राहते. म्हणजे शिवण आपल्याला ठाऊक होती. पण ती दुकानात आणि कचेरीत. देवघरात पान सुटेच राहिले.

पुस्तकाची खरी बांधणी आपल्याकडे आली ती फारसी-अरबी ग्रंथपरंपरेबरोबर. शब्दच साक्ष देतात. जिल्द, दफ्तर, शिकंजा आणि चाचांच्या तोंडचा तो 'जुज'. जुज म्हणजे भाग. कुराणाचे तीस भाग तेही जुजच. बांधणाऱ्याच्या भाषेत जुज म्हणजे घडी घातलेल्या कागदांचा एक गठ्ठा. असे गठ्ठे एकावर एक ठेवून, प्रत्येकाच्या घडीच्या मधून दोरा आरपार नेत आणि शेजारच्या गठ्ठ्याला अडकवत शिवायचे, ही जुजबंदी. जालना १९४८च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात होते. त्यामुळे हे शब्द आमच्याकडे पाहुणे म्हणून आले नाहीत, घरचेच होऊन राहिले.

मग छापखाना आला. गणपत कृष्णाजींनी मुंबईत अमेरिकन मिशनचा छापखाना पाहिला आणि स्वतः खटपट करून शिळाप्रेस उभा केला. १८३१ साली त्यांनी छापील मराठी पंचांग काढले. छापाच्या शाईत चरबी असते म्हणून सोवळी मंडळी छापील ग्रंथाला शिवत नसत, तेव्हा त्यांनी तुपाची शाई वापरली, असे सांगतात. पुढे जावजी दादाजींनी १८६४ मध्ये खिळ्यांचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. राणोजी रावजी आरूंसारख्या कारागिराने कोरलेल्या अक्षरांनी देवनागरीला जे रूप दिले, ते पुढे कित्येक दशके देशभरच्या संस्कृत ग्रंथांनी मिरवले.

या सगळ्यांनी आपली बुद्धी अक्षरावरच का खर्च केली? कारण उघड आहे. युरोपातून आलेला छापखाना सव्वीस अक्षरांच्या हिशेबाने घडलेला होता. आपल्याला काना, मात्रा, वेलांट्या, रफार, जोडाक्षरे. सगळे धरून कित्येक शे खिळे लागतात. ती अडचण परका कारागीर आपल्यासाठी सोडवील, अशी वाट पाहण्यात अर्थ नव्हता. गरज आपली होती, म्हणून शोधही आपला झाला.

दोऱ्याची गोष्ट वेगळी होती. देवनागरी पुस्तक शिवायला वेगळी सुई लागत नाही. सुईला लिपी नसते. उलट मोठी गंमत अशी, की छापखाना आल्यावरही ज्ञानेश्वरी, पांडवप्रताप यांसारखे ग्रंथ कित्येक वर्षे पोथीच्याच आकारात, सुट्या पानांनी छापले गेले. वाचकाने छापील अक्षर स्वीकारले, शिवण मात्र बराच काळ उंबऱ्याबाहेर ठेवली.

तिकडे युरोप-अमेरिकेत नेमके उलटे घडत होते. अक्षरे ओतण्याचा आणि छापण्याचा वेग वाढला, वाफेवर चालणारी यंत्रे तासाला हजारो कागद छापू लागली, आणि सगळे येऊन अडायचे बांधणीच्या खोलीत. तिथे ओळीने बसलेल्या बायका चौकटीसमोर एकेक गठ्ठा हाताने शिवत. शिवणकाम हे बाईचे काम, म्हणून मजुरी कमी, आणि म्हणूनच त्याच्या यंत्राकडे बराच काळ कुणाचे लक्ष गेले नाही. धाग्याला पर्याय शोधण्याचा एक प्रयत्न १८३६ मध्ये विल्यम हॅनकॉकने इंग्लंडात केला. पुस्तकाचा कणाच कापून टाकायचा आणि सुट्या पानांच्या कडा रबराच्या द्रावणाने चिकटवायच्या. पुस्तके देखणी झाली. काही वर्षांत रबर सुकले आणि पाने झडली.

एलियस हाऊने १८४६ मध्ये शिवणयंत्राचे पेटंट घेतले, पाठोपाठ सिंगर आला, घरोघर कपडे यंत्रावर शिवले जाऊ लागले. मग पुस्तक का नाही? अडचण सुईच्या वाटेत होती. कपड्याच्या यंत्रात सुई वरून खाली जाते, खालच्या बॉबिनचा दुसरा दोरा तिला अडकतो. पुस्तक तसे वरून खाली शिवले तर कडेला टीप बसते आणि पुस्तक नीट उघडत नाही. आतल्या बाजूचे शब्द शिवणीत गडप होतात. जुजबंदीत दोरा घडीच्या पोटातून गेला पाहिजे आणि गाठ पाठीवर बसली पाहिजे. सुईने बाहेरून आत जायचे आणि त्याच बाजूने दोरा परत आणायचा. हाताला हे सहज जमते, कारण एक हात घडीच्या आत असतो आणि दुसरा बाहेर. यंत्राला आतला हात कुठून आणायचा?

तो हात डेव्हिड मॅकॉनेल स्मिथने दिला. १८३३ मध्ये जन्मलेला हा आयरिश वंशाचा अमेरिकन. १८६८ मध्ये त्याने खास पुस्तके शिवण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. त्याची युक्ती समजून घ्यायला दोरीवर वाळत घातलेले धोतर आठवावे. घडी घातलेला गठ्ठा मधोमध उघडून यंत्राच्या दांड्यावर तसाच पालथा टाकायचा. दांडा गठ्ठ्याला सुयांखाली नेतो. आतून टोचे वर येऊन घडीत भोके पाडतात. पाठीकडून सुया आत शिरतात, दोरा घडीच्या पोटात आडवा सरकतो आणि आकडा त्याचा फासा करून बाहेर खेचतो. तो फासा आधीच्या गठ्ठ्याच्या फाशात गुंततो. पुढचा गठ्ठा टाकायला बाईने हात पुढे करेपर्यंत हे सगळे होऊन गेलेले असते. हातशिलाईचे मर्म त्याने टाकले नाही. आतला हात आणि बाहेरचा हात, दोन्ही लोखंडात घडवले. अशा बांधणीला इंग्रजीत आजही त्याच्याच नावाने 'स्मिथ शिलाई' म्हणतात.

याच सुमारास जर्मनीत लाइपझिगच्या ब्रेमर बंधूंनी दोऱ्याऐवजी तारेने शिवणारी यंत्रे काढली. स्वस्त आणि झटपट. पण लोखंडी तार दमट हवेत गंजते आणि गंज कागद खातो. आमच्या वाचनालयात ज्या पुस्तकांच्या मधल्या पानावर तपकिरी डाग पडून भोक झाले होते, ती या तारेच्या कुळातली. चाचा अंगठ्याने जे ओळखत होते, तो दीडशे वर्षांपूर्वीच्या दोन वाटांतला फरक होता.

मग दोऱ्याचे यंत्र आपल्याकडे घरोघरच्या छापखान्यांत का रुजले नाही? इथे साधा हिशेब करावा. मराठी पुस्तकाची आवृत्ती बहुतेक हजाराची. तीनशे वीस पानांचे पुस्तक म्हणजे सोळा पानांचे वीस गठ्ठे. हजार प्रतींचे वीस हजार गठ्ठे. आकडा मोठा वाटतो, पण तो शिवला की काम संपते, पुढचे पुस्तक केव्हा येईल याचा नेम नाही. महागाचे यंत्र रोज चालले तरच परवडते. हात मात्र काम असेल तेव्हा बोलावता येतो आणि नसेल तेव्हा घरी पाठवता येतो. मुंबईहून मनमाडमार्गे जालन्याला आलेली पुस्तके टिकली, ती अशा रोजंदारीच्या हातांवर. त्या हातांचे नाव कुठल्याही मुखपृष्ठावर नाही, आतल्या पानावरही नाही. मुद्रकाचे नाव छापणे कायद्याने भाग होते. शिवणाऱ्याचे कुणालाच भाग नव्हते.

स्मिथशी तुलना करण्यासारखा आपला यंत्रसंशोधक एकच, शंकर आबाजी भिसे. जन्म १८६७, मुंबई. 'विविध कला प्रकाश' हे विज्ञानविषयक मासिक मराठीत काढणारा हा माणूस लंडनला गेला आणि त्याने खिळे ओतण्याचे यंत्र तयार केले, 'भिसोटाइप'. पुन्हा अक्षरच! त्याची बुद्धी स्मिथपेक्षा तसूभरही कमी नव्हती. लोक त्याला भारतीय एडिसन म्हणत. पण भांडवलाची ओढाताण संपली नाही. १९१० मध्ये रतन टाटांच्या पाठबळाने 'टाटा-भिसे इन्व्हेन्शन सिंडिकेट' निघाले, तेही फार टिकले नाही. भिसे अमेरिकेला गेले आणि १९३५ मध्ये न्यूयॉर्कलाच वारले.

स्मिथला मात्र हार्टफर्ड मिळाले. पेटंट घेतल्यावर दहा-बारा वर्षांनी, १८८०च्या सुमारास, कनेक्टिकटमधल्या या शहरात त्याच्या नावाची कंपनी उभी राहिली. त्या शहरात कोल्टचा शस्त्रांचा कारखाना होता, प्रॅट अँड व्हिटनीसारखे यंत्रे घडवणारे होते, बारीक पोलादी भाग केसभरही फरक न पडता कापणारे शेकडो कारागीर गल्लीगल्लीत होते. सुई वाकडी निघाली तर दुपारपर्यंत दुसरी तयार. संशोधकाला कल्पना सुचते एकट्याला, पण ती चालू होते गावाच्या जिवावर. भिसे लंडनमध्ये आणि न्यूयॉर्कमध्ये नेहमीच भाड्याच्या खोलीतला माणूस राहिला. त्याच्या पाठीशी असे गाव नव्हते.

हे लिहिताना मला आमच्या जालन्याची आठवण येणे साहजिक आहे. 'जालना सोने का पालना' असे पूर्वीपासून म्हणतात. कुंडलिकेच्या पलीकडे आज पोलादाच्या भट्ट्या पेटलेल्या असतात, इथली बियाणी देशभर जातात. लोखंड आहे, पैसा आहे, हातही आहेत. चाचांच्या दुकानातला शिकंजा मात्र त्यांच्या वडिलांच्या काळचा, लाकडी मळसूत्राचा. त्यांचा नातू भट्टीवर कामाला जातो. आजोबांच्या हातातली कला आणि नातवाच्या हाताखालचे लोखंड यांची गाठ घालून देणारे कुणी आमच्या गावात भेटले नाही. भिसेंचे जे झाले, त्याचीच ही छोटी प्रत.

वाचनालयाचे काम शेवटी असे संपले. सहाशेतली एकशे ऐंशी पुस्तके रद्दीत गेली. चाळीस पुस्तके आम्ही बाजूला काढली. महत्त्वाची, पण तारेने किंवा डिंकाने बांधलेली. चाचांनी तारा उपटल्या, फाटलेल्या घड्यांना पातळ कागदाच्या पट्ट्या लावल्या आणि एकेक पुस्तक जुजबंदीने पुन्हा शिवले. सुई ओवायचे काम माझे होते. अडतीस पुस्तके झाली. उरलेली दोन अजून त्यांच्या फळीवर आहेत; गेल्या पावसाळ्यापासून त्यांना सुईचे टोक दिसत नाही. एक पुस्तक मी घरी आणले आहे आणि त्यांच्यासमोर बसून शिकते आहे. माझी गाठ सैल पडते, ते उसवायला लावतात.

चाळिसांच्या यादीत मी पुस्तकाचे नाव, लेखक, प्रकाशक आणि साल या रकान्यांपुढे एक रकाना वाढवला आहे: 'शिवणार'. त्यात चाचांचे नाव लिहिले. वाचनालयाच्या नोंदवहीत असा रकाना आजवर नव्हता.

वाचकहो, हा अंक वाचून झाला की तो एकदा मधोमध उघडा आणि त्याच्या पाठीवरून अंगठा फिरवा. दोरा आहे, तार आहे की नुसता डिंक, ते पाहा. आणखी पन्नास वर्षांनी एखादी निवृत्त बाई सहाशे अंक चाळायला बसेल, तेव्हा यातले काय तिच्या हाती येणार आणि काय गळून जाणार, हे तिथेच ठरलेले आहे.