अक्षरांचा करार



हुतात्मा राजगुरूंच्या गावी इतिहासावर बोलायला उभा राहणारा माणूस बहुधा लढ्यांचा आणि तुरुंगांचा इतिहास सांगतो. आम्ही आज एका बिघाडाचा इतिहास सांगणार आहोत. हा बिघाड संगणकावरील मराठी अक्षरांचा. आम्ही या शास्त्राचे पंडित नव्हे; आमची शाळा कारखान्याच्या फाटकाबाहेर आणि कामगार न्यायालयाच्या बाकांवर भरली. परंतु या बिघाडाने आमच्या माणसांच्या भाकरीवर गदा येऊ पाहत होती, म्हणून आम्हांला त्याची चौकशी करावी लागली.

गोष्ट २००४ सालची. चाकणकडील एका कारखान्यातील हंगामी कामगारांना कामावरून कमी केले होते. बारा महिन्यांत २४० दिवस भरले, की १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याप्रमाणे ती सेवा सलग धरली जाई. तेव्हा कोणाचे किती दिवस भरले याचा तक्ता, हीच आमची सारी शिदोरी. तो युनियनच्या कचेरीत टाइप करून फ्लॉपीवर पुण्याला वकिलांकडे नेला. तेथे उघडून पाहतो, तो नावांच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी! सुनावणी दुसऱ्या दिवशी. कोणी म्हणाले फ्लॉपी नासली, कोणी म्हणाले व्हायरस शिरला. एका गड्याने तर थेट मालकावर संशय घेतला. वकिलांकडे टायपिंग करणाऱ्या मुलाने मात्र शांतपणे विचारले, "काका, तुमच्या मशीनवर हे नीट दिसतं का?" दिसत होते. "मग तिथं असं काय आहे, जे इथं नाही?"

या दोन प्रश्नांत रोग सापडला.

तो रोग समजण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे. संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. १९६३ साली अमेरिकेत 'आस्की' नावाची १२८ जागांची यादी ठरली. तीत इंग्रजी मोठ्या 'ए'ला ६५ हा आकडा मिळाला. देवनागरीला त्या यादीत जागाच नव्हती. मग आपल्याकडे एक युक्ती निघाली. ज्यांनी छापखान्यात खिळे जुळवताना पाहिले आहे, त्यांना ती चटकन कळेल. इंग्रजी खिळ्यांच्या खणांत मराठी खिळे भरून ठेवावेत, तसा हा प्रकार. आकडा इंग्रजी अक्षराचा, पडद्यावर चित्र मात्र मराठी. अशा चित्रांचा संच म्हणजे फॉन्ट. पण खण भरण्याची रीत ज्याची त्याची निराळी. एकाच्या ज्या खणात 'क', त्याच खणात दुसऱ्याच्या घरी 'म'. तो फॉन्ट जेथे नाही, तेथे संगणक बिचारा मूळची इंग्रजी अक्षरे ओतून मोकळा होई. त्याने चूक केली नव्हती. आपणच त्याच्याशी दोन भाषांत बोललो होतो.

यावर उपाय शोधणाऱ्यांत आपल्या पुण्याचा वाटा मोठा आहे. कानपूरच्या आयआयटीत भारतीय लिप्यांवर झालेले काम मोहन तांबे यांच्याबरोबर, १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या 'सी-डॅक' संस्थेत आले. १९९१ साली 'इस्की' हे भारतीय मानक प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी सर्व जगाच्या लिप्यांना एकाच यादीत बसविणाऱ्या 'युनिकोड'चा पहिला खंड निघाला. त्यात 'क'चा आकडा २३२५. तो पुण्यातही तोच आणि टोकियोतही तोच. मानक कागदावर आले म्हणून सवयी मात्र लगेच सुटत नाहीत. विंडोज २००० मध्ये देवनागरीची सोय आली; २००१ च्या एक्सपीमध्येही ती वेगळी चालू करावी लागे. तोवर कचेऱ्या जुन्याच फॉन्टांवर चालत राहिल्या. आमचीही त्यांतलीच.

पुढे अनुभवाने आम्ही लक्षणांवरून रोग ओळखायला शिकलो. पडद्यावर रिकामे चौकोन दिसले, तर आकडे शाबूत आहेत, फक्त फॉन्टमध्ये ते अक्षर नाही. वेलांटी भलतीकडे गेली आणि जोडाक्षरे तुटली, तरी आकडे शाबूतच. अक्षरे जोडणारी सोय बंद आहे. इंग्रजी खिचडी दिसली, तर मूळ फॉन्ट शोधावा. पण ओळीने प्रश्नचिन्हे उमटली आणि फाइल तशीच जतन झाली, तर आकडाच पुसला गेला. तेथे कोणताही फॉन्ट कामाचा नाही. म्हणून दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी मूळ फाइलची नक्कल काढून ठेवावी, हा पहिला नियम.

मराठीचे एक दुखणे आणखी आहे. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या. 'आचार्यांना' बोलावले तर पाठ होतो, 'आचाऱ्यांना' बोलावले तर स्वयंपाक! हिंदीला या दुसऱ्या 'र'ची गरज नाही, म्हणून हिंदीपुरता विचार करून केलेल्या सोयीत तो हटकून बिघडतो. जुना मजकूर युनिकोडमध्ये आणताना अशा जागी डोळ्यांत तेल घालावे लागते.

आमच्या तक्त्याचे काय झाले? त्या मुलाच्या सांगण्यावरून कचेरीतून फॉन्ट मागविला, आणि नावे एकामागून एक परत आली. पण आदल्या वर्षाच्या यादीत प्रश्नचिन्हेच होती. कोणीतरी ती दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये नेऊन जतन केली होती. ती यादी आम्ही हाताने लिहिलेल्या हजेरीवहीवरून रात्रभर जागून पुन्हा केली. वही होती म्हणून निभावले.

युनियनमध्ये आम्ही एक गोष्ट शिकलो होतो: प्रत्येकाने आपापला वेगळा करार केला, की सगळेच दुबळे होतात. अक्षरांचेही तेच झाले. कोणाचाही फॉन्ट वाईट नव्हता. त्यांचा एकमेकांशी करार नव्हता. तो करार आता झाला आहे. परंतु आपल्या तालुक्यातील सोसायट्या, शाळा, ग्रंथालये आणि आमच्यासारख्या युनियन यांच्या कपाटांत जुन्या फॉन्टांतल्या फाइली अजून पडून असतील. ते संगणक भंगारात जाण्यापूर्वी, आणि त्यांतली नावे ओळखणारी माणसे हयात आहेत तोवर, त्या उघडून नव्या अक्षरांत उतरवून घ्या आणि कोणाकडून तरी वाचून तपासा. त्यांतल्या एखाद्या ओळीत कोणाचे तरी २४० दिवस असतील.