क्लेम म्हणजे अर्ज नव्हे

नवेगाव बांधच्या जंगलाकाठी वनहक्काची गोष्ट निघाली की आम्ही सहज बोलून जातो, ‘जमिनीसाठी अर्ज केला.’ कायद्याच्या इंग्रजी नमुन्यात मात्र शब्द आहे ‘क्लेम’. मूळ लॅटिन ‘क्लामारे’, म्हणजे ओरडणे, पुकारणे. फ्रेंचमधून तो इंग्रजीत आला. मराठी ‘दावा’ अरबी, त्याच्या धातूचा अर्थही हाक मारणेच. दुआ आणि दावत ही त्याचीच भावंडं. ‘अर्ज’सुद्धा अरबीच, पण त्यात विनवणी आली.

इथे 1975 साली राष्ट्रीय उद्यान झालं, म्हणून हक्क संपला असं नाही. 2006 च्या वनहक्क कायद्यातल्या वनजमिनीत राष्ट्रीय उद्यानही येतं. अडचण आपल्या बिगरआदिवासींची: 13 डिसेंबर 2005 पूर्वीच्या तीन पिढ्या, म्हणजे 75 वर्षं दाखवा. ज्यांच्या आज्यापणज्यांना अक्षर शिवू दिलं नाही, त्यांच्याकडे 1930 चा कागद मागायचा! पण नियम 13 वाचा. दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचं लेखी नोंदवलेलं निवेदन, जुनी विहीर, बांध, दफनभूमी हेही पुरावेच आहेत.

आणि पुरावा फक्त आपल्यालाच लागतो का? महाडला 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांसोबत आपण चवदार तळ्याचं पाणी प्यालो. डिसेंबरात सवर्णांनी कोर्टात दावा लावला. 17 मार्च 1937 रोजी ते मुंबई हायकोर्टात हरले, कारण अनादी म्हणवलेली रूढी त्यांना सिद्धच करता आली नाही.

तेव्हा नमुना भरताना कोणी ‘अर्जदार’ लिहिलं, तर खोडून ‘दावेदार’ लिहायला लावा. वनहक्क समितीची पोच हातात आल्याशिवाय उठू नका.