विंडोजच्या घरात युनिक्सचे बिऱ्हाड

प्रमेयाची सिद्धता पायरीपायरीने तपासणारे सॉफ्टवेअर विंडोजच्या संगणकावर बसवणे ही बरीच वर्षे एक स्वतंत्र खटपट होती. इसाबेल, एचओएल, कॉक ही नावे ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना पहिल्या प्रमेयाआधीची तयारीही ठाऊक असते. सिगविन उतरवून घ्यायचे, इमॅक्स बसवायचा, एमएल भाषेचा कंपायलर मिळवायचा, पाथ जुळवायचे आणि मग कुठे गणिताला हात घालायचा. याचे कारण सहसा एका वाक्यात सांगून मोकळे होतात: ही सॉफ्टवेअरे युनिक्सवर वाढली, विंडोजचा घाट निराळा, म्हणून त्रास. हे खोटे नाही, पण अपुरे आहे. इतिहासात थोडे खोल शिरले की दिसते, तर्काचा गाभा कोणत्याही यंत्रावर चालण्याजोगा होता. युनिक्सला बांधलेली होती ती त्या गाभ्याभोवतीची कामाची पद्धत. आणि विंडोजवरची वाट मोकळी झाली ती कोणी हे सारे नव्याने लिहून काढले म्हणून नव्हे. जोडाजोडीचे ओझे वापरणाऱ्याच्या डोक्यावरून उतरवून बनवणाऱ्यांनी स्वतःच्या खांद्यावर घेतले, म्हणून.

या घराण्याचे मूळ रॉबिन मिल्नर यांच्या एलसीएफमध्ये आहे. १९७२ च्या सुमारास स्टॅनफर्डमध्ये त्याची पहिली आवृत्ती झाली. नंतर मिल्नर एडिंबरोला गेले आणि तिथे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी एडिंबरो एलसीएफ घडवले. त्यावरचे गॉर्डन, मिल्नर आणि वॉड्सवर्थ यांचे पुस्तक १९७९ मध्ये आले. त्यातली मुख्य युक्ती आजही टिकून आहे. ‘प्रमेय’ हा प्रोग्रामिंग भाषेतलाच एक बंदिस्त प्रकार करायचा आणि त्या प्रकारची वस्तू तयार करण्याचा अधिकार फक्त अनुमानाच्या मोजक्या नियमांना द्यायचा. बाहेर कोणी हजारो ओळींचा आपोआप सिद्धता शोधणारा प्रोग्राम लिहिला आणि त्यात चुका असल्या, तरी खोटे प्रमेय हाती पडत नाही, कारण शेवटी त्याला त्याच नियमांच्या दारातून यावे लागते. ही पहारेदारी करण्यासाठी जी भाषा घडवली ती एमएल. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की एडिंबरो एलसीएफ युनिक्सवर नव्हतेच. ते डीईसी-१० या यंत्रावर, लिस्पच्या आधाराने चालत असे. म्हणजे या परंपरेचा जन्म युनिक्सवर झाला, हे समीकरणच मुळात बरोबर नाही.

युनिक्सशी गाठ पडली ती ऐंशीच्या दशकात. विद्यापीठांत व्हॅक्स यंत्रे आली, त्यांवर बर्कलीचे युनिक्स आले आणि त्याच्याबरोबर फ्रांझ लिस्प आले. लॅरी पॉल्सन आणि जेरार ह्युए यांनी एलसीएफ त्यावर आणून सुधारले. केंब्रिजमध्ये त्यातून पुढे माइक गॉर्डन यांचे एचओएल आणि पॉल्सन यांचे इसाबेल उभे राहिले. फ्रान्समध्ये ह्युए आणि कोकाँ यांनी १९८४ मध्ये ज्याचा पाया घातला, ते कॉक. त्या काळातला पीसी या कामाला पुरा पडलाच नसता. डॉसला थेट ६४० किलोबाइट स्मृती मिळे, आणि इथे एकेका सत्राला अनेक मेगाबाइट लागत. तेव्हा युनिक्सची निवड आवडीपेक्षा गरजेतून झाली. पण एकदा घर तिथे झाल्यावर सवयीही तिथल्याच लागल्या. सॉफ्टवेअर उभे करायला मेकफाइल आणि शेल स्क्रिप्ट, मजकुरावर प्रक्रिया करायला पर्ल, लिहायला इमॅक्स. एडिंबरोमध्ये तयार झालेल्या प्रूफ जनरलने तर इमॅक्स आणि सिद्धता तपासणारा प्रोग्राम यांची जोडी पक्की करून टाकली: एका बाजूला संपादक, दुसऱ्या बाजूला स्वतंत्र प्रक्रिया म्हणून चालणारा तपासनीस, आणि मधल्या नळीतून दोघांचे अखंड बोलणे. वापरणारा एक ओळ पुढे सरकवतो, तपासनीस उरलेली साध्ये दाखवतो, मग पुढची ओळ. हे संभाषण म्हणजेच या मंडळींचे काम.

इथे एक आक्षेप रास्त ठरतो. असे सॉफ्टवेअर युनिक्सशिवाय होतच नसेल, तर गाभा आणि भोवताल हा भेद पोकळ आहे. याला पोलंडमधले मिझार हे उत्तर आहे. आंद्रेय ट्रिबुलेट्स यांनी १९७३ मध्ये ते सुरू केले. व्हॅक्ससारखी यंत्रे पूर्व युरोपात सहज मिळत नव्हती; मिझार पास्कलमध्ये लिहिले गेले आणि ऐंशीच्या दशकाअखेर ते डॉसच्या साध्या पीसीवर चालत होते. मिझारच्या गणिती ग्रंथालयाची सुरुवात १९८९ ची. त्याची रीत पाहण्यासारखी आहे. संपूर्ण लेख एका फाइलमध्ये लिहायचा, तपासनीस चालवायचा आणि परत त्याच फाइलमध्ये चुकांचे क्रमांक उमटलेले पाहायचे. एखाद्या ओळीखाली चार हा आकडा आला की समजायचे, हे अनुमान मान्य झालेले नाही. सतत उघडी ठेवलेली नळी नाही, शेजारी जागी असलेली दुसरी प्रक्रिया नाही. ज्या यंत्रावर एका वेळी एकच प्रोग्राम चालतो, तिथे ही रीत चपखल बसते. म्हणजे सिद्धता तपासणे पीसीवर अशक्य नव्हते. संभाषणाच्या रीतीने सिद्धता करणे मात्र तिथे अवघड होते, आणि इसाबेल, एचओएल, कॉक ही तिन्ही त्या रीतीची होती.

नव्वदच्या दशकात पीसीची ताकद वाढली आणि घरोघरी, कॉलेजांच्या प्रयोगशाळांत विंडोज पोचले. स्मृतीचा प्रश्न संपला, भोवतालाचा उरला. १९९५ मध्ये सिग्नस सोल्यूशन्समध्ये स्टीव्ह चेंबरलेन यांनी सुरू केलेले सिगविन हा त्यावरचा पहिला सर्वमान्य तोडगा. विंडोजच्या घरात युनिक्सचे बिऱ्हाड थाटावे तसा हा प्रकार: प्रोग्राम युनिक्सच्या रीतीने मागणी करतो, सिगविनची एक डीएलएल फाइल ती विंडोजच्या रीतीत करून पुढे पाठवते. पण सगळ्याच मागण्या अशा बदलून देता येत नाहीत. युनिक्समध्ये नवी प्रक्रिया सुरू करायची मूळ क्रिया म्हणजे फोर्क: चालू प्रक्रियेची हुबेहूब प्रत. स्मृतीची पाने लगेच न उतरवता ज्या पानात बदल होईल तेवढेच उतरवायचे, यामुळे ही प्रत स्वस्तात पडते. विंडोजमध्ये नवी प्रक्रिया कोऱ्या पाटीने सुरू होते. म्हणून सिगविनला आधी मुलाची प्रक्रिया थांबवलेल्या अवस्थेत उभी करावी लागे, मग आईची स्मृती तिच्यात ओतावी लागे, आणि प्रत्येक डीएलएल दोघींत नेमक्या एकाच पत्त्यावर बसली आहे याची खात्री करावी लागे. एखाद्या अँटिव्हायरसने मध्येच आपली डीएलएल त्या जागी घुसवली की फोर्क फसे. उपाय म्हणून सिगविनचे सगळे प्रोग्राम बंद करून, एका साध्या शेलमधून ‘रीबेसऑल’ ही आज्ञा द्यायची आणि साऱ्या डीएलएलना नवे पत्ते वाटायचे. प्रमेय शिकायला आलेल्या माणसाने हे का करायचे, याचे उत्तर त्याला कोणत्याच पुस्तकात सापडत नसे.

याहून क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टींनीही तेवढेच छळले. विंडोज ओळीच्या शेवटी दोन चिन्हे ठेवते, युनिक्स एकच. शेल स्क्रिप्ट विंडोजच्या संपादकात उघडून जतन केली, किंवा गिटने ती उतरवताना ओळींचे शेवट बदलले, की पहिल्या ओळीतल्या शेलच्या नावाला एक अदृश्य चिन्ह चिकटे. मग यंत्रणा त्या चिन्हासकट नाव शोधे आणि असा प्रोग्राम नाही म्हणून सांगे. पडद्यावर मात्र नाव बिनचूक दिसत असे. तशीच गोष्ट पाथची. ‘प्रोग्राम फाइल्स’ या नावात मोकळी जागा आहे आणि मोकळी जागा म्हणजे शब्द संपला, असे मेकफाइल मानते. विंडोजवर खाते उघडताना कोणी नाव आणि आडनाव अशी दोन पदे दिली, किंवा आपल्याकडे कोणी हौसेने स्वतःचे नाव देवनागरीत टाकले, तर तेच घरच्या फोल्डरच्या पाथमध्ये जाऊन बसते, आणि फक्त रोमन अक्षरे व सलग नावे गृहीत धरून लिहिलेल्या जुन्या स्क्रिप्ट तिथे कोलमडतात. मराठी विद्यार्थ्याला हा अनुभव केंब्रिजच्या विद्यार्थ्यापेक्षा जास्त येण्याचा संभव होता, आणि दोष त्याचा नव्हता.

यावर जाणकारांचे नेहमीचे म्हणणे असे: ज्याला हे काम गंभीरपणे करायचे आहे त्याने लिनक्स बसवावे, विंडोजसाठी एवढा आटापिटा कशाला? संशोधकापुरते हे म्हणणे बरोबर आहे. जॉन हॅरिसन यांच्या एचओएल लाइटचे उदाहरण घ्या. त्याचा पाया ओकॅमल या भाषेत दर वेळी पुन्हा चढवावा लागे, त्यात मिनिटे जात. म्हणून चालू प्रक्रियाच डिस्कवर गोठवून ठेवण्याची साधने लोक वापरत, आणि ती लिनक्सचीच होती. ज्याला रोज ते उघडायचे आहे त्याने लिनक्सवर जावे हे शहाणपणाचेच. पण कोणतीही विद्या केवळ तिच्यात मुरलेल्यांवर वाढत नाही. जो अजून ठरवतो आहे, एका दुपारी डोकावून पाहतो आहे, ज्याच्या हाती प्रयोगशाळेतले इतरांशी वाटून घेतलेले यंत्र आहे, त्याला आधी संगणकाची यंत्रणा बदल म्हणणे म्हणजे दार लावून घेणे आहे. शिवाय अशा उंबरठ्यावर जे गळतात ते गणितात कच्चे म्हणून गळत नाहीत. गळती चुकीच्या परीक्षेमुळे होते, आणि ज्या क्षेत्राचा सारा भर योग्य गोष्टीची योग्य परीक्षा घेण्यावर आहे, त्याला हे शोभत नाही.

बदल घडला तो बांधणीत. इसाबेलच्या मंडळींनी इमॅक्सवरचे अवलंबन सोडून जावावर चालणाऱ्या जेएडिट या संपादकाभोवती नवे दालन उभे केले आणि विंडोजसाठी एकच स्वतः उलगडणारी फाइल द्यायला सुरुवात केली. तिच्यात एमएलचा कंपायलर, जावा, फाँट, बाहेरचे स्वयंचलित सिद्धक आणि खुद्द सिगविनसुद्धा सामावलेले असते. वापरणाऱ्याला सिगविनचे नावही ठाऊक असण्याची गरज राहिली नाही. युनिक्स मात्र आतून गेलेले नाही: इसाबेल आतल्या आत विंडोजच्या ड्राइव्हचे पाथसुद्धा सिगविनच्या रीतीनेच लिहिते, म्हणजे सर्व यंत्रणांवर एकच नियम चालतो. ‘स्लेजहॅमर’ हे साधन ई, स्पास, झी-३ असे परके प्रोग्राम एकाच वेळी सोडते आणि ठरलेली वेळ संपली की त्यांना थांबवते. ही प्रक्रियांची ये-जा सांभाळण्याचे कामही बनवणाऱ्यांनी आधीच करून ठेवलेले असते. कॉकने जरा वेगळा मार्ग धरला. त्याचा विंडोजवरचा मुख्य प्रोग्राम सिगविनमध्ये बांधला तरी चालताना त्याला सिगविन लागत नसे. पण त्यात भर घालणारी पॅकेजे बांधायची म्हटली की पुन्हा तीच सामग्री हवी. कॉक ज्या भाषेत लिहिले आहे त्या ओकॅमलचे पॅकेज सांभाळणारे ओपॅम विंडोजवर थेट चालू लागले ते २.२ या आवृत्तीपासून, २०२४ मध्ये. एवढा विलंब झाला, कारण अडलेले काम तर्कशास्त्राचे नव्हते आणि अशा कामावर शोधनिबंध छापून येत नाहीत. ज्यांनी ते निमूटपणे पूर्ण केले त्यांचे नाव या विषयाच्या इतिहासात गाभा लिहिणाऱ्यांच्या शेजारी यायला हवे, असे मला मनापासून वाटते.

लीन या सिद्धता तपासणाऱ्या दुसऱ्या सॉफ्टवेअरचे उदाहरण या मांडणीला छेद देते असे कोणी म्हणेल. लिओनार्दो दि मौरा यांनी २०१३ मध्ये ते सुरू केले ते खुद्द मायक्रोसॉफ्ट रिसर्चमध्ये. म्हणजे इथे तरी विंडोज परके नव्हते. तरीही विंडोजवरचे लीन बांधले जाते ते एमसिस-२ या युनिक्सवजा सामग्रीने, आणि त्याच्या तिसऱ्या आवृत्तीच्या काळात गणिती ग्रंथालय वापरू पाहणाऱ्याला विंडोजवर गिट बॅश उघडायला सांगत. ज्यांना विंडोज हवी तशी वाकवता आली असती त्यांच्या संस्थेतही भोवताल युनिक्सचाच राहिला, यावरून ती पद्धत किती खोल रुजली आहे ते कळते.

उरतो तो सर्वांत वजनदार आक्षेप: २०१६ मध्ये विंडोजमध्ये डब्ल्यूएसएल, म्हणजे विंडोजच्या आतच लिनक्स चालवण्याची सोय, आले, २०१९ मध्ये जाहीर झालेल्या दुसऱ्या आवृत्तीत लिनक्सचे खरे कर्नल आले, आता हे सगळे इतिहासजमा झाले. बऱ्याच अंशी हे मान्य आहे. फोर्क तिथे खरा फोर्क असतो, घरचे फोल्डर लिनक्सच्या नावाचे असते. पण ते चालू करायला प्रशासकाचे अधिकार आणि बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशनची परवानगी लागते, आणि सामायिक प्रयोगशाळेत नेमके हेच मिळत नाही. दुसरे म्हणजे फाइलींचे दोन संसार होतात: हजारो छोट्या फाइलींचे ग्रंथालय विंडोजच्या ड्राइव्हवर ठेवून लिनक्समधून वाचले की वेग लक्षणीय घटतो. व्हीएस कोड या संपादकाने यातून जी वाट काढली ती अशी, की खिडकी विंडोजमध्ये उघडते, तपासनीस लिनक्सच्या आत चालतो आणि दोघे ठरलेल्या संकेतांनी बोलतात. संपादक आणि भाषेचा जाणकार प्रोग्राम यांच्यातल्या बोलण्याचा लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल हा संकेत मायक्रोसॉफ्टनेच २०१६ मध्ये खुला केला, आणि लीनची चौथी आवृत्ती त्यावरच चालते. दोन स्वतंत्र प्रक्रिया आणि मधले अखंड संभाषण, ही प्रूफ जनरलची रचना. तिच्यामुळेच एकेकाळी विंडोजवर इसाबेल आणि कॉक बसवणे जिकिरीचे झाले होते. आज विंडोजचा सर्वाधिक वापरला जाणारा कोड-संपादक त्याच रचनेवर उभा आहे.