चिपांतला लक्ष्मण

कुठलीही गोष्ट रामायणात बसवून दाखवल्याशिवाय आम्हां पंचवटीकरांना पटत नाही. त्यामुळे कॉम्प्युटरमधला गणिती कोप्रोसेसर मला कळला तो लक्ष्मणावरून.

१९८१ साली आय.बी.एम.चा पी.सी. निघाला. त्यात ८०८८ हा मुख्य प्रोसेसर आणि शेजारी एक सॉकेट चक्क रिकामं! मुख्य महाशयांचं पूर्णांकांपर्यंत ठीक चाले. दशांशचिन्ह दिसलं की साध्या गुणाकारालाही सूचनांची लांबलचक पोथी वाचत बसत. म्हणून त्या रिकाम्या जागी इंटेलचा १९८० सालचा ८०८७ बसवायचा. चाळीस पाय सरळ करा, खाचेसमोर खाच आणा, अंगठ्यानं हळूच दाबा. एक पाय दुमडला की वनवास! मग बोर्डावरची बारकी कळ फिरवून ‘धाकटे बंधू आले’ अशी वर्दी द्यायची. त्यानंतर हा थोरल्याला येणारी प्रत्येक आज्ञा कान देऊन ऐके आणि गणिताची तेवढी उचले. नुसती पत्रं टाइप करणाऱ्याकडे मात्र बिचारा रिकामा पहारा करी.

१९८९ साली ४८६ डीएक्समध्ये दोघे भाऊ एकाच चिपेत नांदू लागले. पण १९९१ मध्ये इंटेलनं स्वस्तातला ४८६ एसएक्स काढला. सुरुवातीच्या एसएक्समध्ये गणिती भाग होता, पण बंद केलेला! गणित हवंय? मग ४८७ घ्या. हा ४८७ म्हणजे खरं तर अख्खा ४८६च. सॉकेटात बसला की थोरल्याला झोपवून सगळा कारभार स्वतः हाकी.

आमचा लक्ष्मण चौदा वर्षं झोपला नाही म्हणतात. ह्यानं भावालाच झोपवलं. आणि गिऱ्हाइकानं पैसे मोजले दोघांचे!